चुलीमागची दुसरी जागा

हिंटरएक,
संत गॅलच्या सणाचा दुसरा दिवस, ऑक्टोबर १६९३

प्रिय सिबिला,

पंधरवड्यापूर्वी मीठवाला येऊन गेला. हालाइनहून येतो म्हणून मी त्याला दर खेपेला तुझी खबर विचारते, आणि तो दर खेपेला "बरी आहे, बरी आहे" म्हणून ताकाचा दुसरा पेला मागतो. या वेळी त्याने पेला मागितला नाही. खाणावळीच्या मागच्या अंगणात कपडे धुताना तू त्याला दिसलीस म्हणे, पण चादर पिळायला तू दुसरीला हाक मारलीस. मग हळूच म्हणाला, "काकू, तिच्या हाताची मूठ वळत नाही हो," आणि उगाचच घोड्याचा पट्टा नीट करत राहिला. इतकी वर्षं राखेच्या पाण्यात हात घातल्यावर मूठ कशी वळेल? तुझ्या गेल्या चिठ्ठीत हातांबद्दल अवाक्षर नव्हतं. अक्षर मात्र कोंबडी चालून गेल्यासारखं होतं, आणि चुलीतल्या राखेत बोट धरून तुला अक्षरं मीच शिकवली, तेव्हा तुझं खरं अक्षर कसं असतं हे मला माहीत आहे. असो. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी इथलं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे सांगता यायचं नाही.

मी दमलेय, सिबिला. आजारी नाही, दमलेय. हा फरक लोरेन्त्सला कळत नाही. तुझा भाऊ दिवसातून चारदा विचारतो, "आई, कुठे दुखतंय?" कुठे म्हणून दाखवू त्याला? पहाटे उठायचं जिवावर येतं. दुधाची घागर उचलायची म्हटलं की आधी थोडा वेळ तिच्याकडे नुसती बघत उभी राहते. गाईंची नावं तोंडावर येत नाहीत. काल तर तांबडीला तुझ्या नावाने हाक मारली आणि ती आली, रागावू नकोस. तुझा बाप गेल्यापासून हे घर, कुरणं, मठाचा खंड, गड्यांच्या कुरबुरी, सगळं मी ओढलं. आता ओढवत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात, मार्टिनच्या सणाला, घर लोरेन्त्सच्या हवाली करतेय. त्याच्या दाढीत पांढरे केस दिसायला लागले, तरी अजून मला विचारतो, आज कुठला बैल जुंपू. आणि रेगिना माझ्या हातातला पेजेचा डाव कधी सुटतो याची वाट बघत उभी असते. त्यात तिचं काही चुकत नाही. सासूच्या डावाकडे मीही अशीच बघायचे.

सोपवणीची पहिली बैठक गेल्या आठवड्यात झाली. तुझ्या आजी-आजोबांची झाली तेव्हा तू टेबलाखाली मांजराबरोबर खेळत होतीस, तुला काय आठवणार! मठाचा कारभारी तोच, युस्टाख. आता चालायला दोन काठ्या लागतात, पण जीभ तेवढीच तिखट. साक्षीला गिरणीवाला रुपर्ट. बसल्या बसल्या लोरेन्त्स म्हणाला, "कारभारीसाहेब, आई आहे माझी. तिला लागेल ते मी देईनच की. लिहायचं कशाला?" युस्टाख हसला. "सगळे असंच म्हणतात रे. पहिल्या वर्षी ती आई असते, दुसऱ्या वर्षी म्हातारी होते, आणि तिसऱ्या वर्षी दोन अंड्यांवरून तुम्ही माझ्या दारात. गप बस आणि ऐक." मला हे लिहून घेणं कधी कोरडं वाटलं नाही. लिहिलेलं असलं की वाटीभर दुधासाठी सुनेपुढे तोंड वेंगाडावं लागत नाही, आणि सुनेलाही उपकार केल्याचा आव आणावा लागत नाही. दोघींची अब्रू राहते.

तेव्हा लिहिलं. वरची छोटी खोली माझी. रोजचं दूध, तेही साय न काढता. कोंबड्या घालत असतील तोवर अंडी. कोबीच्या दोन ओळी, आणि अंगातल्या शर्टापुरता जवसाच्या कापडाचा तुकडा. पुढच्या दाराने जायची-यायची मोकळीक. हसू नकोस, पलीकडच्या घरात म्हातारीला गोठ्यामागच्या चिखलातून आत यावं लागतं, कारण त्यांचं दार लिहायचं राहून गेलं. बर्फ पडला की चर्चला गाडीत बसवून न्यायचं. अंगणातल्या नासपतीची अर्धी फळं. नासपतीशी आल्यावर रेगिनाने तोंड वाकडं केलं. मग नेहमीचं: मी गेल्यावर घंटा, मेणबत्त्या, आणि सगळ्या खोऱ्याला जेवण, घराला शोभेल असं, मांसाचं आणि पांढऱ्या पावाचं. तुझ्या बापाच्या मागे आपण घातलं होतं, त्याची लोक अजून आठवण काढतात.

मग गाडी चुलीशी आली. युस्टाख लिहिता लिहिता पुटपुटला, "चुलीमागच्या बाकावर म्हातारीची जागा, रोजची, हक्काची." मी म्हणाले, "दोन जागा लिहा." लेखणी थांबली. "दोन?" "दोन. बाकावर दोघांपुरती ऊब आणि टेबलाशी दोन वाट्या." "दुसरी कुणाची, बाई?" मी म्हणाले, पुढच्या बैठकीत सांगते. तेव्हाच का नाही सांगितलं म्हणशील. नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे नकार आला असता, आणि एकदा चारचौघांत नाही म्हटलं की माणसाला मागे फिरायची लाज वाटते. शिवाय बदल्यात काय द्यायचं हे माझं मलाच ठरवायचं होतं. रिकाम्या हाताने मागायला मी काही मठाच्या दारातली भिकारीण नाही, निदान मार्टिनच्या सणापर्यंत तरी नाही.

पण दोन जागा म्हटल्यावर खोऱ्यात जे पिकलं ते विचारू नकोस. हिंटरएकची बुर्गा लग्न करतेय! या वयात! विहिरीवर बायका तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत हसायला लागल्या. पाद्रीबाबांनी रविवारी मला थांबवून, "वाल्बुर्गा, काही बोलायचं असेल तर माझं दार उघडं आहे," असं गंभीरपणे सांगितलं. मी बरं म्हटलं आणि आले. लोकांना हिवाळ्यात चघळायला काहीतरी हवंच असतं.

पुढची गंमत ऐक. त्याच रविवारी दुपारी रुपर्ट आला. दाढी विंचरलेली, कोटाला पिठाचा कण नाही, हातात मधाचं मडकं. बायको गेल्यापासून या माणसाचं बटण मी जागेवर पाहिलं नव्हतं, त्या दिवशी सगळी लावलेली. दारात उभा राहून टोपी फिरवत म्हणाला, "बुर्गा, दुसरी जागा माझ्यासाठी मागितलीस असं लोक म्हणतायत. आधी मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं. पण माझी काही ना नाही." सिबिला, मी किती दिवसांनी हसले म्हणून सांगू! भिंतीला धरून हसले. मग त्याचं पडलेलं तोंड बघून वाईट वाटलं. त्याला बसवलं, जवाची गरम पेज पुढे ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. तो पेज ढवळत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मध परत न्यायचा का?" मी म्हटलं, ठेव, लागेल. जाता जाता दारात वळला आणि म्हणाला, "बरोबर करतेयस. आफ्राचं झालं तसं नको व्हायला."

आफ्रा तुला आठवते ना? वरच्या वाडीची. जन्मभर तिने या खोऱ्यातले गोठे काढले, कधी या घरी, कधी त्या घरी, लग्न करायला ना तिच्याजवळ काही होतं ना मागणाऱ्याजवळ. हात थकले तेव्हा भावाकडे गेली. भावजयीने विचारलं, कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलेलं नव्हतं. आईबापांनी घर सोपवताना लेकीचा विषयच निघाला नव्हता, तेव्हा ती धडधाकट होती. मग गावाने ठरवलं की प्रत्येक घराने तिला आठवडाभर ठेवायचं. आपल्याकडे तिची पाळी आली की तू तुझी उशी तिला द्यायचीस. टेबलाशी ये म्हटलं तरी ती यायची नाही. दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसायची, वाटी मांडीवर घेऊन. "इथंच बरं वाटतं गं पोरी," म्हणायची. तू मला एकदा विचारलंस, आफ्रामावशी नेहमी निघायच्या तयारीत का बसते? मी तुला अंडी गोळा करायला पाठवलं.

आणि गेली ती वाटेवर गेली. पाळी बदलायच्या दिवशी, कपड्यांचं गाठोडं काखेत, या घरातून निघालेली आणि त्या घरी न पोचलेली. मग ती दोन्ही घरं भांडत बसली, कुणाच्या आठवड्यात गेली म्हणून, कारण घंटेचा आणि खड्डा खणायचा भार ज्याचा आठवडा त्याच्यावर. घंटा वाजेपर्यंत दुपार उलटली. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांची असशील. त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. मला अजून आफ्राचा चेहरा नीट आठवतो, आणि मीठवाला मुठीचं बोलला तेव्हा आधी तोच डोळ्यांपुढे आला. दुसऱ्यांच्या घरात राबलेल्या बायकांचं शेवटी काय होतं हे या खोऱ्यात कुणाला माहीत नाही? फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला नोकरमाणसं बदलतात. मूठ न वळणारी धोबीण त्या दिवशी कोण ठेवून घेईल?

काल दुसरी बैठक झाली. मी तुझं नाव घेतलं. लोरेन्त्सने खाली बघितलं. वाईट वाटून नाही. त्याला ते आपणहून सुचायला हवं होतं असं वाटलं असणार. युस्टाखने कान खाजवला. म्हणाला, "बाई, बिनलग्नाच्या बहिणीला आसरा लिहितात, पण तो दुखण्यापुरता. पंधरा दिवस, तेही गोठ्यावरच्या माळ्यात. तुम्ही तर जन्माचं मागताय, आणि तेही चुलीशी." मी म्हटलं, होय, तेच मागतेय. तेव्हा रेगिना बोलली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "सासूबाई, मी वाईट नाही. पण मला तीन पोरं आहेत, अजून होतील. वर तुमचं एक तोंड, वन्सांचं एक. आणि माझ्या बहिणीला कुणी दिली अशी जागा? ती अजून दुसऱ्यांच्या गाईंचं दूध काढतेय." तिचं खरं होतं. मला तिचा राग आला नाही, आणि राग येत नाही म्हणून मी जास्तच चिडले.

मी नासपती सोडली. रेगिना हलली नाही. कोबीची एक ओळ सोडली. युस्टाख लेखणीचं टोक पुसत बसला. मग मी म्हणाले, "माझं जेवण खोडा." "कुठलं जेवण?" "मी मेल्यावरचं." लोरेन्त्स ताडकन उठला. "आई, काय बोलतेस तू!" रेगिनाचा तर रंगच उडाला. "लोक आमच्या तोंडात शेण घालतील! म्हणतील, सासूला कुत्र्यासारखी पुरली. पोरांची लग्नं व्हायचीत माझ्या!" युस्टाख म्हणाला, "बाई, एवढी वर्षं मी सोपवण्या लिहितोय. असं कुणी खोडायला लावलं नाही." मी म्हटलं, "मला तेव्हा भूक नसेल." रुपर्ट हसला. मग मी रेगिनाकडे वळले. म्हटलं, तू घर चालवणारी आहेस. खोऱ्याला एक दिवस जेवण म्हणजे एक गाय, भट्टीभर पांढरा पाव, पिंपभर बिअर. एवढ्यात एक बाई पेज आणि काळ्या पावावर किती हिवाळे काढेल ते तूच सांग. तिची बोटं मांडीवर हलायला लागली. रेगिनाचं मला हेच आवडतं, ती रडायच्या आधी हिशेब करते. शेवटी म्हणाली, "मग म्हातारीनेच मनाई केली असं लिहा. आणि पाद्रीबाबांनी ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं पाहिजे." मागणं रास्त होतं. तसं लिहिलं. लोरेन्त्सने तोंड फिरवून डोळे पुसले. रुपर्टने सहीच्या जागी नेहमीसारखं गिरणीचं चाक काढलं.

येत्या रविवारी ते वाचतील. सगळ्या खोऱ्यासमोर कळेल की हिंटरएकच्या बुर्गाच्या मागे कुणी जेवायचं नाही. मला वाटलं होतं मनाला फार लागेल. लागलंही, खोटं कशाला बोलू. तुझ्या पणजीच्या मागे दोन दिवस लोक जेवत होते, आणि मी तेव्हा नवी सून, मनात म्हणायचे, आपल्याही मागे असंच होईल. बाईला आयुष्यात एकदाच सगळं खोरं आपल्यासाठी जमलेलं मिळतं, आणि तेही तिला दिसत नाही. काल बैठकीनंतर मी नासपतीखाली जाऊन थोडी बसले. झाड यंदा लगडलं आहे. पुढच्या वर्षीची फळं मी खाईन असं काही मला वाटत नाही, त्यामुळे ते सोडणं तसं सोपं होतं. हे लोरेन्त्सला सांगू नकोस. तो पुन्हा विचारत बसेल, कुठे दुखतंय.

आता हे पत्र कशासाठी ते. कागद वाळल्यावर युस्टाख मला म्हणाला, "बाई, नाव लिहिलं म्हणजे झालं असं समजू नका. माणसाने यावं लागतं." आपल्या खोऱ्याची रीत मला माहीत होती, पण तुझी गोष्ट आली आणि मी विसरलेच. ज्याच्या नावे जागा लिहिली त्याने जुन्या मालकिणीच्या देखत बाकावर बसायचं आणि घरच्या हंड्यातली पेज घरच्या वाटीत घ्यायची. हे सगळं किल्ल्या हातातून जायच्या आत. मार्टिनच्या सणाच्या संध्याकाळी मी किल्ल्या लोरेन्त्सला देईन, आणि त्यानंतर मी कुणाला काही देऊ शकत नाही, माझंच काही उरत नाही. तू आली नाहीस तर ती ओळ रद्द होईल. जेवण तर खोडलंच आहे.

तू काय म्हणशील मला माहीत आहे. भावाच्या चुलीशी फुकट बसणार नाही. हात बरे होतील. वसंतात बघू. पोरी, मी तुझी आई आहे, तुझा ताठा माझ्याच पोटातून आलाय, तो मला दाखवू नकोस. फुकट काही नाही यात. आणि रेगिनाचा बाऊ करू नकोस. काल संध्याकाळी तीच बाकावरची लाकडं उचलून दुसरीकडे रचत होती, कुणी सांगितलं नव्हतं. हे पत्र रुपर्टच्या हाती देतेय. तो मीठ आणायला हालाइनला येतोय, परतताना गाडीत पोत्यांवर तुझी जागा ठेवायला सांगितलंय. खाणावळीच्या मागच्या दाराशी तो थांबेल. लग्नाचं म्हणून त्याला चिडवू नकोस. नाहीतर चिडव, त्याला आवडेल. बर्फाने घाट बंद व्हायच्या आत निघा. एवढा एक हिवाळा आपण दोघी त्या बाकावर बसू, तुझे हात मी माझ्या हातांत धरून शेकेन, आणि तू दाराकडे नाही, चुलीकडे तोंड करून बसशील. माझ्यामागे सगळ्या खोऱ्याला जे जेवण घालायचं होतं, ते मी तुझ्या एकटीच्या वाटीत वाढून ठेवलंय. ये आणि माझ्यासमोर बसून जेव.

दारात उभी राहून घाटाकडे बघणारी
तुझीच आई